मोकळ्या भूखंडावरचा धूर आणि रात्रीचे टोळके

वाचकाचे पत्र

माननीय महोदया, आम्ही कोपरखैरणे येथे एका जुन्या गृहनिर्माण संस्थेत पहिल्या मजल्यावर राहतो. मी निवृत्त शिक्षिका आहे. यजमानांना दमा आहे. इमारतीच्या मागे, नाल्याला लागून एक मोकळा भूखंड आहे. दिवाळीपासून तिथे कचऱ्याचे ढीग पडू लागले आणि आता आठवड्यातून तीन-चार वेळा ते पेटवले जातात, कधी रात्री अकरानंतर, तर कधी पहाटे. प्लास्टिक आणि रबर जळाल्याचा वास घरभर राहतो. त्याच जागी रात्री मुलांचे टोळके बसते. दारू, शिवीगाळ, मोठ्याने गाणी चालतात. मी एकदा गॅलरीतून हटकले, तेव्हा त्यांनी अर्वाच्य शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी आमच्या स्कूटरचे सीट फाडलेले आढळले. पालिकेला फोन केला की माणूस दुपारी येऊन जातो आणि 'जागेवर कोणी आढळले नाही' असे कळवून तक्रार बंद केली जाते. भूखंडाच्या टोकाला भंगार वेचणाऱ्यांच्या दोन झोपड्या आहेत. ही सगळी घाण त्यांचीच, असे संस्थेतील लोक म्हणतात. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही जण "फोटो टाकून बदनाम करा" म्हणतात, तर काही "एकदा सगळे मिळून चोप देऊ" म्हणतात. मुलगा म्हणतो, तू यात पडू नकोस, घर विकून टाकू. मी काय करावे?
एक त्रस्त रहिवासी, कोपरखैरणे

उत्तर

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही त्या मुलांना हटकले हे योग्यच केले, आणि त्याबद्दल घरात कोणी तुम्हाला दोष देत असेल तर तो तुम्ही मनाला लावून घेऊ नये. मात्र यापुढे एकटीने, रात्रीच्या वेळी आणि गॅलरीतून त्यांच्याशी बोलू नका. शिवीगाळ करणारी आणि स्कूटरचे सीट फाडण्याइतका डूख धरणारी मुले कोणत्या घरावर राग काढायचा हे लगेच हेरतात. तुमच्या लढ्यात आजवरचा सगळ्यात मोठा धोका हाच आहे की तक्रार संस्थेची असूनही चेहरा मात्र एकट्या तुमचा दिसतो आहे. तो आधी बदलायला हवा.

तुमच्या पत्रात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत: भूखंडावर कचरा येऊन पडणे, तो कचरा पेटवला जाणे, आणि रात्री टोळके बसणे. तिन्ही गोष्टी एकाच जागी घडतात, म्हणून त्या एकाच माणसांनी केल्या असतील असे वाटणे साहजिक आहे. पण पहाटे जी आग लागते ती रात्री दारू पिऊन गेलेली मुले लावत असतील का, याचा शांतपणे विचार करा. तुमच्या पत्रात कचरा पेटवताना कोणाला प्रत्यक्ष पाहिल्याचा उल्लेख नाही. म्हणून माझा पहिला आग्रह असा की आग कोणी लावली यापेक्षा ती जागा कोणाच्या मालकीची आहे आणि तिथे कचरा कोठून येतो, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी शोधावीत. आग लावणारा माणूस दर वेळी वेगळा असू शकतो आणि तो हाती लागेलच असे नाही; जागेचा मालक आणि कचऱ्याचा उगम मात्र पळून जात नाहीत.

उघड्यावर कचरा जाळणारे लोक निरनिराळ्या कारणांनी तो जाळतात, आणि कारण कळल्याशिवाय उपाय लागू पडत नाही. झाडलोट करणारा कामगार पालापाचोळा पेटवतो, कारण तो उचलून नेणारी गाडी वेळेवर येत नाही. रखवालदार थंडीत शेकोटीसाठी हाताला लागेल ते जाळतो. दुकानदार खोकी, थर्माकोल आणि प्लास्टिकचे आवरण नाहीसे करण्यासाठी जाळतो. भंगाराच्या धंद्यात विजेच्या बारीक तारांचे आवरण सोलत बसण्यापेक्षा ते जाळून तांबे मोकळे करणे लवकर होते. तशी आग सहसा लहान असते, दाट काळा धूर सोडते आणि थोड्या वेळात विझते. टायर जाळले असतील तर राखेत पोलादी तारांची वेटोळी शिल्लक राहतात. त्यामुळे सकाळी उजेडात, सोबतीला कोणी असताना, ढिगाच्या कडेवरून राखेत काय उरले आहे ते पाहा आणि त्याचे छायाचित्र घ्या. राखेत हात घालू नका, काठीनेही उकरू नका. त्यात फुटलेल्या ट्यूबलाइट, बॅटऱ्या आणि औषधांच्या सुया असू शकतात.

झोपडीतील माणसांविषयी मला थोडे स्पष्ट लिहावेसे वाटते. कचरा वेचणाऱ्याचे पोट त्या कचऱ्यातून विकण्याजोगी वस्तू शोधण्यावर चालते. खोकी, बाटल्या आणि प्लास्टिक जाळले तर त्याचेच नुकसान होते. तारा जाळण्याचे काम ते करत असण्याची शक्यता आहे, ती मी नाकारत नाही. पण तसे असेल तर जळके तांबे विकत घेणारे भंगाराचे गोदाम हा त्या धंद्याचा खरा चालक आहे, आणि तक्रार त्या गोदामाविरुद्ध महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे गेली पाहिजे. पुराव्याशिवाय दोन झोपड्यांवर सगळा ठपका ठेवला तर एका कुटुंबावर अन्याय होईलच, शिवाय त्या झोपड्या उठल्यानंतरही ढीग तसेच पेटत राहिलेले तुम्हाला दिसतील. उलट ती माणसे चोवीस तास तिथे असतात, टेम्पो कोणत्या वेळी येतो हे त्यांना ठाऊक असते, आणि धूर सर्वांत आधी त्यांच्याच मुलांच्या छातीत जातो. त्यांच्याशी दिवसा, आदराने बोलून पाहा.

आता कचऱ्याच्या उगमाकडे येऊ. आपल्याकडे घंटागाडी साधारणपणे सकाळी फिरते, तर खाद्यपदार्थांच्या गाड्या आणि लहान दुकाने रात्री उशिरा बंद होतात. रात्रभर कचरा सांभाळण्याची सोय नसलेला दुकानदार तो जवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात टाकतो. तुमच्या परिसरात असे घडत असेल तर दंडाच्या पावतीबरोबरच बाजाराच्या रस्त्यावर रात्रीची एक फेरी सुरू करण्याची मागणी करणे अधिक परिणामकारक ठरेल. दुसरा उगम आपल्याच घरांत असतो आणि त्याविषयी संस्थांच्या सभेत कोणी बोलत नाही. घराचे नूतनीकरण निघाले की जुन्या गाद्या, प्लायवूडचे तुकडे, फॉल्स सीलिंग आणि फरश्यांचा राडारोडा सर्वांत स्वस्त भाव सांगणाऱ्या टेम्पोवाल्याला दिला जातो, आणि तो डेब्रिज कुठे रिकामे करतो हे कोणी विचारत नाही. तुमच्या संस्थेत दिवाळीच्या सुमारास कोणाकडे काम निघाले होते का, हे सचिवांना विचारा. तसे असेल तर ती गोष्ट लपवू नका. संस्थेने आधी स्वतःचे घर नीट लावले तर पुढच्या अर्जाला वजन येते.

जागेच्या मालकीचा प्रश्न नवी मुंबईत विशेष महत्त्वाचा आहे. हे शहर १९७० साली स्थापन झालेल्या सिडको या सरकारी नगरविकास महामंडळाने वसवले आणि महापालिका १ जानेवारी १९९२ पासून अस्तित्वात आली, त्यामुळे एकाच सेक्टरमध्ये काही भूखंड सिडकोकडे, काही महापालिकेकडे हस्तांतरित झालेले, तर काही खाजगी भाडेपट्टेदाराकडे असे चित्र आढळते. उच्चदाब वाहिन्यांखालील पट्ट्यांचा प्रश्न आणखी निराळा असतो आणि तिथे महापारेषण या राज्याच्या वीज पारेषण कंपनीलाही कळवावे लागते. भूखंड नेमका कोणाचा हे ठाऊक नसले की प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते आणि तक्रारदार दमून जातो. सेक्टरच्या नकाशावरून भूखंड क्रमांक मिळवा, सिडकोच्या बेलापूर येथील कार्यालयात लेखी चौकशी करा, आणि मालक कळल्यावर कुंपण, फाटक आणि दिव्याची मागणी त्याच्याच नावाने करा. नाल्याच्या पलीकडे खाडीकिनारी कांदळवन असेल तर तेही अर्जात नोंदवा, कारण मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनाची नासधूस करण्यास आणि त्याच्या भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात राडारोडा टाकण्यास मनाई केली आहे. तसे असल्यास वन विभागाच्या कांदळवन कक्षालाही प्रत पाठवावी.

कायदा तुमच्या बाजूने आहे. आपला कचरा रस्त्यावर किंवा सार्वजनिक मोकळ्या जागेत टाकण्यास, जाळण्यास अथवा पुरण्यास २०१६ साली आलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मनाई केली. त्याच वर्षी २२ डिसेंबरला राष्ट्रीय हरित लवादाने कचऱ्याच्या प्रश्नावर याचिका करणाऱ्या अलमित्रा पटेल यांच्या प्रकरणात देशभर उघड्यावर कचरा जाळण्यावर पूर्ण बंदी घातली आणि साध्या प्रकरणात ५,००० रुपये, तर मोठ्या प्रमाणात कचरा जाळल्यास २५,००० रुपये भरपाई वसूल करण्याचा आदेश दिला. याखेरीज भारतीय न्याय संहितेच्या कलम २८० मध्ये हवा आरोग्यास अपायकारक करणे आणि कलम २८७ मध्ये आगीबाबत निष्काळजीपणा करणे हे गुन्हे आहेत. अर्जात या तरतुदींचा एका परिच्छेदात उल्लेख पुरेसा आहे. पानभर कलमे लिहिली की वाचणारा अधिकारी मुख्य मागणीपर्यंत पोहोचत नाही.

यजमानांच्या प्रकृतीबद्दल मला काळजी वाटते. तारांवरचे पीव्हीसी प्लास्टिकचे आवरण जळताना हायड्रोजन क्लोराइडसारखा श्वासनलिका होरपळवणारा वायू निघतो आणि कमी तापमानाच्या अर्धवट आगीत डायॉक्सिन ही विषारी रसायने तयार होतात. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण फुफ्फुसात खोलवर जातात. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची तुलनेने उबदार असते, त्यामुळे धूर वर न जाता खालच्या मजल्यांवरच रेंगाळतो. वास आला की त्या बाजूच्या खिडक्या लगेच बंद करा आणि यजमानांना दुसऱ्या बाजूच्या खोलीत न्या. एन-९५ मास्क कण अडवतो, वायू अडवत नाही, आणि ओला रुमाल तर दोन्हींपैकी फारसे काहीच अडवत नाही. अशा वेळी कोणता इन्हेलर किती वेळा घ्यायचा आणि कोणत्या लक्षणांनंतर थेट रुग्णालय गाठायचे, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. कोणी मोबाइल पुढे करून "आजचा हवेचा निर्देशांक तर ठीक आहे" असे म्हणाले तर विचलित होऊ नका. तो निर्देशांक मोजणी केंद्रावरच्या २४ तासांच्या सरासरीवरून काढला जातो, तुमच्या खिडकीखाली अर्धा तास जळलेला ढीग त्यात दिसत नाही.

फोनवरची तक्रार बंद होण्याचे कारण तुमच्याच वाक्यात आहे. आग रात्री लागते, माणूस दुपारी येतो, आणि त्याला 'जाळणारा कोण' एवढेच शोधायचे असते. म्हणून मागणी बदला. एका साध्या वहीत प्रत्येक घटनेची तारीख, सुरू झाल्याची आणि विझल्याची वेळ, धुराचा रंग, वास, ढिगातील वस्तू आणि यजमानांना झालेला त्रास अशी नोंद ठेवा. छायाचित्रे घराच्या आतून, माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा ढीग, धूर आणि टेम्पोचा क्रमांक टिपण्यासाठी काढा. दोन-तीन आठवड्यांत वार आणि वेळा यांचा मेळ दिसू लागेल. त्यानंतर संस्थेच्या लेटरहेडवर, अध्यक्ष व सचिवांच्या सहीने आणि शक्य तितक्या रहिवाशांच्या सह्यांसह, कोपरखैरणे विभाग कार्यालयाचे सहायक आयुक्त तथा विभाग अधिकारी यांना अर्ज द्या. शेजारच्या दोन संस्था सामील झाल्या तर फार उत्तम. अर्जात चारच मागण्या असू द्याव्यात: साचलेला ढीग उचलावा, भूखंडमालकाला कुंपणासाठी नोटीस द्यावी, दिवा लावावा, आणि नोंदवहीत दिसणाऱ्या नेमक्या वेळी स्वच्छता निरीक्षकांनी आठवडाभर पाहणी करावी. प्रती घनकचरा व्यवस्थापन विभाग, प्रदूषण नियंत्रण मंडळ, प्रभागाचे नगरसेवक आणि पोलीस ठाणे यांना द्या, आणि प्रत्येक ठिकाणी आवक शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नका. नवी मुंबई स्वच्छ सर्वेक्षणात देशात सातत्याने वरच्या क्रमांकावर येते. त्या लौकिकाची इथल्या अधिकाऱ्यांना मनापासून आस्था असते आणि छायाचित्रांसह आलेल्या नीटनेटक्या अर्जाची दखल घेतली जाण्याची शक्यता इथे अधिक आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

ढीग उचलल्यानंतरचा पहिला महिना निर्णायक असतो. मोकळी झालेली जागा तशीच सोडली तर आठवड्याभरात पहिली पिशवी पुन्हा येऊन पडते आणि तिच्या मागोमाग बाकीच्या येतात. म्हणून कुंपण होईपर्यंत संस्थांनी पाळ्या लावून सकाळ-संध्याकाळ तिथून फेरी मारावी. मालकाची आणि पालिकेची परवानगी मिळाली तर झाडे, बाके किंवा मुलांना खेळण्याची जागा असा काहीतरी वापर सुरू करावा.

ढिगाला मोठी आग लागली, ती वाहनांपर्यंत, विजेच्या खांबापर्यंत किंवा गॅसच्या वाहिनीपर्यंत पोहोचेल असे वाटले, तर विभाग कार्यालयाची वाट न पाहता १०१ किंवा ११२ क्रमांकावर कळवा. स्वतः विझवायला खाली जाऊ नका; बंद डबे आणि बॅटऱ्या फुटतात.

टोळक्याचा प्रश्न पोलिसांकडे स्वतंत्रपणे न्या आणि तिथे कचऱ्याचे पुराण लांबवू नका. सार्वजनिक जागी असभ्य वर्तन आणि शांतताभंग होईल अशी शिवीगाळ यांसाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियमात कलम ११० आणि ११२ आहेत, आणि नशेत धिंगाणा घालण्यासाठी महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचे कलम ८५ आहे. स्कूटरच्या नुकसानीची तक्रार अजून दिली नसेल तर उशीर झाला तरी द्या. ज्यांनी हे केले त्यांचे नाव तुम्हाला माहीत नाही, ही अडचण ठरू नये. तक्रार अदखलपात्र म्हणून नोंदली गेली तरी तिची प्रत घ्या, कारण पुन्हा काही घडले तर आधीची नोंद कामी येते. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना भेटताना संस्थेचे चार-पाच जण, त्यात दोन-तीन महिला, असे जा आणि रात्री साडेदहा ते एक या वेळेत बीट मार्शलची गस्त तिथून जावी एवढी ठोस विनंती करा. गोंधळ चालू असताना ११२ वर फोन वेगवेगळ्या घरांतून जाऊ द्या, नेहमी तुमच्याच घरातून नको.

व्हॉट्सॲप ग्रुपवरील दोन्ही सूचनांना मात्र ठाम नकार द्या. पाच किंवा अधिक माणसे मारहाणीच्या इराद्याने एकत्र गेली तर कायद्याच्या दृष्टीने तो बेकायदा जमाव ठरतो आणि आज तक्रारदार असलेले तुमचे शेजारी उद्या आरोपी होतात. छायाचित्रे टाकून बदनामी करणे त्याहून कमी गंभीर नाही. त्या टोळक्यात अठरा वर्षांखालची मुले असण्याची दाट शक्यता आहे, आणि एकदा पसरलेले छायाचित्र त्या मुलाच्या पाठीमागे नोकरीपर्यंत जाते. तुम्ही शिक्षिका आहात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. ही मुले बहुधा दोन-तीन गल्ल्यांच्या अंतरावर राहतात. कोणाची आई घरकाम करत असेल, कोणाचे वडील बाजार समितीत माथाडी असतील आणि पहाटे घराबाहेर पडत असतील. परिसरातल्या एखाद्या मंडळाचे जुने कार्यकर्ते, व्यायामशाळेचे शिक्षक किंवा ज्यांचा शब्द ती मुले मानतात असे कोणी असतील, तर त्यांच्यामार्फत पालकांपर्यंत निरोप पोहोचवा. मुलांनी बसू नये असे नाही. ती कुठे बसणार हाही आपल्या वसाहतीचाच प्रश्न आहे. पण शिवीगाळ, धमकी आणि मोडतोड यांच्या बाबतीत तडजोड करू नका. अंमली पदार्थांचा संशय आला तर कोणाच्याही मध्यस्थीची वाट न पाहता थेट पोलिसांना सांगा.

घर विकण्याचा निर्णय या हिवाळ्यात घेऊ नका. यजमानांचा त्रास वाढलाच तर काही आठवडे मुलाकडे किंवा नातेवाइकांकडे जाऊन राहणे हा शहाणपणाचा उपाय आहे आणि त्यात माघार मानण्यासारखे काही नाही. नोंदवही तेवढा काळ शेजारी सांभाळू शकतात. मुलाचा विरोध भीतीपोटी आहे. त्याला संस्थेचा अर्ज टाइप करून देण्याचे आणि भूखंडाचा नकाशा शोधण्याचे काम द्या. तुम्ही एकट्या नाही हे दिसले की त्याचा सूर बदलेल.

अर्ज देऊन महिना उलटला आणि काहीच हालले नाही, तर माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून विभाग कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्यांना विचारा की आपल्या आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणी काय कारवाई केली, भूखंडमालकाला नोटीस दिली असल्यास तिची प्रत द्यावी, आणि या वर्षी उघड्यावर कचरा जाळल्याबद्दल विभागात किती दंड वसूल झाला ते सांगावे. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. ते न आल्यास किंवा अपुरे आल्यास त्यानंतरच्या ३० दिवसांत पहिले अपील करता येते. त्यानेही भागले नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली सार्वजनिक उपद्रव दूर करण्यासाठी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १३३ होते, आणि त्याच्याच आधारे मध्य प्रदेशातील रतलामच्या रहिवाशांनी उघड्या गटारांविरुद्ध दाद मागितली असता, नगरपालिकेला पैसे नसल्याची सबब सांगून कर्तव्य टाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली ठरवून दिले. त्या टप्प्यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळू शकतो. महिलांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य दिली जाते. दंडाधिकाऱ्यांकडच्या अर्जासोबत नोंदवहीच्या छायाप्रती, डॉक्टरांचे कागद आणि सर्व आवक शिक्क्यांच्या प्रती जोडा, आणि मूळ वही स्वतःजवळ ठेवा.

आपली हितचिंतक